विश्लेषण : लिनक्सचे अपडेट का रखडते? नेटचा प्लॅन न वाढवता वेग कसा वाढवाल?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे प्रात्यक्षिक होते. सरांनी फळ्यावर एका पॅकेजचे नाव लिहिले आणि म्हणाले, ‘‘आधी हे इन्स्टॉल करून घ्या, मग सुरू करू.’’ लॅबमधल्या तीसेक संगणकांवर एकाच वेळी एंटर दाबले गेले. पुढची चाळीस मिनिटे सगळ्यांच्या पडद्यावर शून्य टक्के, दोन टक्के, पुन्हा शून्य टक्के. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी एका संगणकावर उतरलेल्या फाइल्स पेन ड्राइव्हमध्ये घेतल्या आणि टेबलाटेबलावर फिरून कॉपी करून दिल्या. दहा मिनिटांत सगळ्यांचे काम झाले. त्याच आठवड्यात, नेट वाचावे म्हणून, लॅबमधले स्वयंचलित अपडेट ‘तात्पुरते’ बंद करण्यात आले. मी शेवटच्या वर्षाला पोहोचलो तरी ते बंदच होते.

हा किस्सा पुण्यातल्या अनेकांना ओळखीचा वाटेल. अपडेट हळू चालते, म्हणून ते पुढे ढकलले जाते. पुढे ढकलता ढकलता ते बंदच होते. मात्र बहुतेक वेळा दोष नेटच्या प्लॅनचा नसतो. फाइल कुठून येते आणि किती वेळा येते, यावर बरेच काही अवलंबून असते. दोन्ही गोष्टी बदलता येतात, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे अनेक लॅपटॉप अजून ठणठणीत आहेत. ते भंगारात न काढता त्यांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकण्याचा पर्याय अनेक जण निवडत आहेत.

पुण्यात लिनक्स नवे नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी ६४-बिट ओपन सोर्स लिनक्सची शिफारस आहे. त्यामुळे शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या लॅबमध्ये लिनक्स असतेच. ‘बॉस’ हे भारतीय लिनक्स विकसित करणाऱ्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. रेड हॅटचे मोठे कार्यालय इथे आहे. फेडोराच्या विकसकांची आणि वापरकर्त्यांची ‘फडकॉन’ ही परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये कोथरूडच्या एमआयटीत झाली. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप आणि मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारी ‘ग्नूनिफाय’ ही परिषद यांनी तर इथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या लिनक्सकडे वळवल्या.

अपडेट राहिले तर बिघडते काय?

एक उदाहरण पुरेसे आहे. पुण्यातही मोठे कार्यालय असलेल्या क्वालिस या सायबर सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये ‘प्वनकिट’ नावाची त्रुटी जाहीर केली. बहुतेक सर्व लिनक्स वितरणांत आधीपासून असणाऱ्या ‘पोलकिट’ या घटकात ती २००९ पासून दडलेली होती. संगणकावर साधे खाते असलेली कोणतीही व्यक्ती या त्रुटीचा वापर करून ‘रूट’, म्हणजे संगणकाची पूर्ण मालक होऊ शकत होती.

घरच्या लॅपटॉपवर एकच खाते असते. लॅबमध्ये मात्र दिवसाला शंभर विद्यार्थी त्याच संगणकांवर बसतात, त्यामुळे तिथे धोका कितीतरी मोठा होता. आणि या त्रुटीवरचा उपाय केवढा होता? एक एमबीपेक्षाही लहान पॅकेज. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एखाद्या शुभेच्छांच्या व्हिडिओपेक्षाही छोटे. ज्या संगणकांवर अपडेट बंद होते, तिथे ते पोहोचलेच नाही.

अपडेट करताना पडद्यामागे काय घडते?

लिनक्समध्ये बहुतेक सॉफ्टवेअर वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून शोधून आणावे लागत नाही. प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. भांडारातला माल आणण्याचे काम पॅकेज मॅनेजर करतो. उबुंटू, डेबियन, मिंट आणि बॉसमध्ये तो ‘एपीटी’ असतो, फेडोरात ‘डीएनएफ’, तर आर्चमध्ये ‘पॅकमन’.

एपीटीचे काम दोन टप्प्यांत चालते. ‘अपडेट’ या पहिल्या टप्प्यात फक्त यादी येते : भांडारात आज काय आहे, कोणती आवृत्ती आहे. ‘अपग्रेड’ या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष पॅकेज उतरतात, उलगडली जातात आणि बसवली जातात. नवशिके अनेकदा पहिला टप्पा पूर्ण करून ‘झाले अपडेट’ म्हणून थांबतात. प्रत्यक्षात तेव्हा काहीच बदललेले नसते. दुकानातून दरपत्रक आणले, सामान तिथेच राहिले, असा हा प्रकार.

वेग नेमका कुठे अडतो, हे कसे ओळखायचे?

उपाय करण्याआधी निदान करा. टर्मिनलवर अपग्रेड चालवले की डाउनलोड संपताना एपीटी एक ओळ दाखवते : इतके एमबी, इतक्या सेकंदांत, इतक्या वेगाने. ती ओळ वाचा.

इथे एक गोंधळ हमखास होतो. नेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि संगणक मेगाबाइटमध्ये दाखवतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरू शकतात. आता तीन शक्यता उरतात.

• एपीटीचा आकडा ११-१२ मेगाबाइटच्या आसपास आहे : जोडणी पूर्ण वापरली जात आहे. सर्व्हर बदलून काही मिळणार नाही.

• आकडा त्याच्या दहाव्या भागाइतकाच आहे, पण त्याच वेळी व्हिडिओ मात्र न थांबता चालतो : अडथळा तुमच्या घरात नाही, सर्व्हरपर्यंतच्या वाटेत आहे. इथे सर्व्हर बदलल्याने मोठा फरक पडतो.

• डाउनलोड पटकन होते, पण ‘अनपॅकिंग’ आणि ‘सेटिंग अप’ या ओळी सरकत नाहीत : दोष डिस्कचा आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हजारो छोट्या फाइल्स लिहायला वेळ लागतोच. अशा लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवणे हाच खरा उपाय.

चौथा, जरा चमत्कारिक प्रकारही आहे. अपडेट शून्य टक्क्यांवर ‘कनेक्टिंग’ म्हणत अडकून राहते आणि शेजारी अंक व अपूर्णविरामांचा लांबलचक पत्ता दिसतो. तो आयपीव्ही६ पत्ता असतो. तुमच्या राउटरवर आयपीव्ही६ अर्धवट चालू असेल, तर एपीटी आधी त्या वाटेने जाऊन तिथेच ताटकळते. एपीटीच्या सेटिंग्जमध्ये आयपीव्ही४ सक्तीचे करण्याची सोय आहे. ती वापरून पाहिली की कारण हेच होते का, ते लगेच कळते.

सर्व्हर जवळ असो वा लांब, इंटरनेटवर काय फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजता येतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई अंतर साधारण दीडशे किलोमीटर. जाऊन येऊन तीनशे, म्हणजे दीड मिलिसेकंद. पुणे-लंडन हे अंतर सरळ रेषेत सात हजार किलोमीटरहून अधिक आहे. जाऊन यायला किमान सत्तर मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबलची वाट वळणावळणाची असते, त्यामुळे वेळ आणखी वाढतो.

सत्तर मिलिसेकंद ऐकायला नगण्य वाटतात. पण सर्व्हर सगळी फाइल एका दमात ओतत नाही. तो थोडा भाग पाठवतो, ‘मिळाले’ असा निरोप येण्याची वाट पाहतो, मग पुढचा थोडा मोठा भाग पाठवतो. निरोप जितक्या लवकर परततो, तितका वेग लवकर चढतो. अपडेटमध्ये शेकडो छोट्या फाइल्स असतात. वाटेत एखादे पाकीट हरवले, तर वेग पुन्हा खाली येतो आणि पुन्हा चढावा लागतो. लांबच्या सर्व्हरवर ही चढाई प्रत्येक वेळी महाग पडते. म्हणूनच प्लॅन दोनशे एमबीपीएसचा असूनही अपडेट मात्र रखडलेले दिसते.

यावर उत्तर म्हणजे ‘मिरर’, अर्थात मूळ भांडाराची हुबेहूब प्रत. जगभरातली विद्यापीठे, कंपन्या आणि स्वयंसेवक असे मिरर विनामूल्य चालवतात. आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागाचा मिरर भारतातल्या लिनक्स वापरकर्त्यांना चांगलाच परिचित आहे. याशिवाय काही डेटा सेंटर कंपन्याही मिरर ठेवतात.

मिरर कसा निवडायचा?

• उबुंटू : ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ हे ॲप उघडा. पहिल्याच पानावर ‘डाउनलोड फ्रॉम’ असा पर्याय दिसेल. त्यात ‘अदर’ निवडून ‘सिलेक्ट बेस्ट सर्व्हर’ हे बटण दाबा. संगणक स्वतःच यादीतल्या सर्व्हरची चाचणी घेऊन त्यातल्या त्यात वेगवान सर्व्हर सुचवतो. मेन्यूतल्या ‘सर्व्हर फॉर इंडिया’वर विसंबू नका. पत्त्याच्या सुरुवातीला ‘इन’ आहे म्हणून सर्व्हर भारतातच असेल असे नाही.

• लिनक्स मिंट : अपडेट मॅनेजरच्या ‘एडिट’ मेन्यूतून ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये जा. तिथे ‘मेन’ आणि ‘बेस’ असे दोन मिरर असतात. पहिला मिंटच्या स्वतःच्या पॅकेजसाठी, दुसरा उबुंटूकडून येणाऱ्या पॅकेजसाठी. दोन्हींवर क्लिक केले की मिररचे मोजलेले वेग दिसतात. अनेक जण पहिलाच बदलतात आणि फरक पडत नाही म्हणतात. मोठा माल येतो तो दुसऱ्याकडून.

• डेबियन : अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ पत्ताच जगभर पसरलेल्या वितरणजाळ्याचा असतो. तो आपोआप जवळच्या केंद्राकडे नेतो. बहुतेकांना काही बदलावे लागत नाही.

• फेडोरा : डीएनएफ प्रत्येक वेळी तुमच्या ठिकाणानुसार मिररची यादी मागवते. ‘फास्टेस्ट मिरर’ नावाची सेटिंग आहे, पण ती फक्त कोण लवकर प्रतिसाद देतो ते पाहते, कोण जास्त वेगाने फाइल देतो ते नाही. त्यामुळे ती सुरू केल्यावर वेग कमीही होऊ शकतो. आधी मोजा, मग ठरवा.

• आर्च : ‘रिफ्लेक्टर’ हे साधन ताजे आणि वेगवान मिरर निवडून यादी लिहून देते.

महाविद्यालयांसाठी आणखी एक मुद्दा. संशोधन आणि शिक्षण संस्थांना जोडणारे नॅशनल नॉलेज नेटवर्क तुमच्या संस्थेपर्यंत आले असेल, तर नकाशावर लांब दिसणारा आयआयटीचा मिरर मुंबईतल्या सर्व्हरपेक्षाही वेगवान ठरू शकतो. नेटवर्कवरचे अंतर किलोमीटरमध्ये नाही, वाटेत मोजायचे असते. म्हणून चाचणी घेतल्याशिवाय निवड करू नका. घरी आणि कॉलेजात उत्तर वेगळे येऊ शकते.

मिरर ताजा आहे, हे कसे कळणार?

मिरर ठरावीक वेळाने मूळ भांडाराशी जुळवून घेतो. काही दिवसातून अनेकदा, काही आळशी. उबुंटूच्या मिररची अधिकृत यादी प्रत्येकाच्या नावापुढे तो अद्ययावत आहे की एक दिवस, आठवडा मागे आहे, हे दाखवते. वेगवान पण आठवडाभर शिळा मिरर काही कामाचा नाही.

अपडेट करताना कधी कधी ‘हॅश सम मिसमॅच’ असा संदेश येतो. त्याने घाबरू नका. बहुतेक वेळा मिररची जुळवाजुळव अर्ध्यावर असताना तुम्ही तिथे पोहोचलेले असता : यादी नवी, माल जुना. तासाभराने पुन्हा प्रयत्न करा. वारंवार होत असेल तर मिरर बदला. उबुंटूत सुरक्षा अपडेट मूळ सुरक्षा सर्व्हरवरूनच येतात, ती व्यवस्था तशीच राहू द्या. मिरर मागे राहिला तरी तातडीच्या दुरुस्त्या थांबत नाहीत.

अनोळखी सर्व्हरवरून सॉफ्टवेअर घेणे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न योग्य आहे. भांडाराच्या यादीवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. यादीत प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे हॅश, नोंदलेला असतो. फाइल कुठूनही आली, तरी तिचा ठसा जुळला नाही तर एपीटी ती बसवत नाही. मिररचालकाने एक अक्षर जरी बदलले, तरी ते पकडले जाते. दुधाची पिशवी कोणत्या दुकानातून घेतली यापेक्षा तिचे सील शाबूत आहे का, हे महत्त्वाचे.

सील तपासणाऱ्याकडूनच चूक झाली तर? तेही घडले आहे. जानेवारी २०१९ मध्ये एपीटीतच एक त्रुटी उघड झाली. तिचा फायदा घेऊन मधल्या वाटेवरचा हल्लेखोर ही तपासणी चुकवू शकत होता. ती लगेच दुरुस्त झाली आणि दुरुस्ती अर्थातच अपडेटमधूनच आली. म्हणजे फिरून मुद्दा तोच : अपडेट चालू हवे. शक्य असेल तिथे एचटीटीपीएस पत्त्याचा मिरर निवडणेही चांगले. आणि स्वाक्षरीबद्दल इशारा आला तर तो कधीही डावलू नका. इंटरनेटवर कुणीतरी दिलेला ‘तपासणी बंद करा’ हा उपाय म्हणजे घराचे कुलूप काढून ठेवण्यासारखे आहे.

एकाच वेळी अनेक फाइल्स उतरवल्या तर?

एपीटी एका सर्व्हरकडे साधारणपणे एकच जोडणी उघडते आणि फाइल्स एकामागून एक आणते. डीएनएफ मूळ सेटिंगनुसार एकाच वेळी तीन फाइल्स उतरवते. हा आकडा तिच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये वाढवता येतो. कमाल मर्यादा वीस असली, तरी पाच ते दहा पुरेसे आहेत. पॅकमनमध्ये ही सोय २०२१ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून आहे. एपीटीसाठी ‘एपीटी-फास्ट’ नावाचे वेगळे साधन मिळते. ते ‘एरिया२’ या डाउनलोडरच्या मदतीने अनेक जोडण्या उघडते.

सर्व्हर लांब असेल किंवा प्रत्येक जोडणीला कमी वेग देत असेल, तर याचा उपयोग होतो. मात्र तुमची जोडणीच भरलेली असेल, तर दहा नळ लावूनही टाकीतले पाणी वाढत नाही. आणि मिरर ही अनेकदा कुणीतरी पदरमोड करून चालवलेली सेवा असते. एका माणसाने त्याच्यावर वीस जोडण्या उघडणे म्हणजे रांगेत वीस जागा अडवणे. म्हणून क्रम असा ठेवा : आधी जवळचा मिरर, मग गरज पडली तरच समांतर डाउनलोड.

चाळीस संगणक आणि एकच जोडणी, मार्ग काय?

आता त्या लॅबकडे परत येऊ. समजा चाळीस संगणक आहेत आणि महिन्याचे अपडेट प्रत्येकी ५०० एमबी आहे. एकूण २० जीबी होतात. १०० एमबीपीएसची पूर्ण जोडणी केवळ यासाठी दिली, तरी जवळपास सत्तावीस मिनिटे लागतील. प्रत्यक्षात ती जोडणी कार्यालय, ग्रंथालय आणि वसतिगृहही वापरत असते. आणि या २० जीबींपैकी साडेएकोणीस जीबी म्हणजे त्याच त्या फाइल्स, चाळीस वेळा.

सोसायटीतल्या चाळीस घरांनी भाजीसाठी वेगवेगळ्या चाळीस गाड्या मार्केट यार्डात नेण्याऐवजी एकच टेम्पो मागवावा, तसा यावर उपाय आहे. त्याचे नाव ‘एपीटी-कॅशर-एनजी’. लॅबमधल्या एका संगणकावर हे छोटे सॉफ्टवेअर बसवायचे. ते उबुंटू आणि डेबियनच्या भांडारातच मिळते. बाकीच्या संगणकांवर एपीटीच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी म्हणून या संगणकाचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट क्रमांक लिहायचा. एवढेच. पहिल्या संगणकाने मागितलेली फाइल बाहेरून येते आणि तिची प्रत इथे राहते. उरलेल्या एकोणचाळिसांना ती लॅबच्या आतल्या आत मिळते.

बाहेरून मग ५०० एमबीच येतात. १०० एमबीपीएसवर ते चाळीस सेकंदांचे काम आहे. आत गिगाबिट स्विच असेल, तर उरलेले वाटप तत्त्वतः तीनेक मिनिटांत होते. स्विच जुना, १०० एमबीपीएसचा असेल, तर वाटपाला पहिल्याइतकाच वेळ लागेल. पण तरीही बाहेरची जोडणी मोकळी राहते आणि ‘अपडेटमुळे सगळ्या कॉलेजचे नेट बसले’ ही तक्रार संपते. अपडेट बंद करण्याचे कारणच उरत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काही खासगी सॉफ्टवेअरची भांडारे एचटीटीपीएसवर असतात. त्यांच्यासाठी या कॅशमध्ये वेगळी मांडणी करावी लागते. दोन, विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर हा प्रॉक्सी कायमचा लिहू नका, नाहीतर घरी गेल्यावर अपडेट अडेल. त्यासाठी ‘ऑटो-एपीटी-प्रॉक्सी’ हे पॅकेज आहे. जवळ कॅश असेल तर ते वापरते, नसेल तर थेट बाहेर जाते. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चार जण आणि चार लिनक्स लॅपटॉप असतील, तर हाच उपाय तिथेही चालतो. कॅशसाठी एखादा जुना लॅपटॉप पुरे.

जिथे नेटच नीट नाही, तिथे?

ब्रॉडबँडच्या आधी लिनक्स पोस्टाने आणि हातोहात फिरायचे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची. पुढे उबुंटूने ‘शिपइट’ योजनेत २००५ पासून २०११ पर्यंत घरपोच मोफत सीडी पाठवल्या. पुण्यातल्या अनेकांनी पहिले लिनक्स असेच पाहिले.

ती पद्धत आजही कामाची आहे, फक्त सीडीच्या जागी पेन ड्राइव्ह आला. भोर किंवा वेल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या शाळेत मोबाइलचे सिग्नल जेमतेम येत असतील, तर ‘एपीटी-ऑफलाइन’ वापरता येते. डेबियनचे भारतीय विकसक रितेश राज सर्राफ यांनी ते तयार केले. शाळेतल्या संगणकावर ते एक छोटी फाइल बनवते : मला काय काय हवे आहे, याची यादी. ती पेन ड्राइव्हवर घेऊन पुण्यातल्या नेट असलेल्या संगणकावर जायचे. तिथे ते यादीतले सगळे उतरवते. परत आल्यावर शाळेतल्या संगणकावर अपडेट होते. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी जे हाताने केले, ते हे साधन शिस्तीत करते. स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटीतला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह हीसुद्धा एक जोडणीच आहे, आणि तिचा वेग काही कमी नाही.

मोबाइल हॉटस्पॉटवर अपडेट करावे का?

दिवसाला दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर लॅपटॉप चालवणाऱ्यांनी वाय-फाय सेटिंग्जमध्ये जाऊन त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करावी. मग मोठी डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत. अपडेट बंद करण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. खोलीवरचे वाय-फाय मिळाले की काम पुढे सरकते.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक हा वेगळा हिशोब आहे, हेही लक्षात असू द्या. अलीकडच्या उबुंटूत फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो. ते पॅकेज कॅनॉनिकलच्या स्वतःच्या स्टोअरमधून उतरते, त्यामुळे मिरर किंवा एपीटीचा कॅश बदलून त्याचा वेग वाढत नाही. स्नॅप दिवसातून चार वेळा नवी आवृत्ती तपासते. परीक्षेच्या किंवा सादरीकरणाच्या दिवशी ते काही तासांसाठी थांबवता येते. फ्लॅटपॅकमध्ये पहिले डाउनलोड मोठे असते, पुढे मात्र बदललेलेच भाग येतात.

काय टाळावे?

• वेग वाढवण्यासाठी स्वाक्षरीची तपासणी बंद करणे.

• उबुंटूच्या एका आवृत्तीसाठी दिलेली मिररची यादी दुसऱ्या आवृत्तीवर जशीच्या तशी चिकटवणे. पॅकेज एकमेकांत अडकतात.

• अपडेट हळू चालले म्हणून मधेच संगणकाचे बटण दाबून बंद करणे. डाउनलोड थांबवायला हरकत नाही, ते पुढे तिथूनच सुरू होते. पण पॅकेज बसवताना वीज गेली किंवा बटण दाबले, तर संगणक सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. लोडशेडिंगच्या भागात लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवून अपडेट करा.

• ‘तात्पुरते’ म्हणून स्वयंचलित अपडेट बंद करून विसरून जाणे.

सुरुवात कुठून करावी?

आज संध्याकाळी पाच मिनिटे काढा. अपडेट चालवा आणि शेवटच्या ओळीतला आकडा लिहून ठेवा. मिरर बदला. पुढच्या अपडेटच्या वेळी तोच आकडा पुन्हा पाहा. फरक पडला तर उत्तम, नाही पडला तर अडथळा कुठे नाही, एवढे तरी कळेल. लॅब सांभाळणाऱ्यांनी एक जुना संगणक कोपऱ्यात कॅशसाठी लावावा आणि विद्यार्थी गेल्यावर, संगणक बंद करण्याआधी, दहा-दहाच्या गटाने अपडेट करून घ्यावे. चाळीस संगणकांची लॅब अर्ध्या तासात अद्ययावत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचे प्रात्यक्षिक अडत नाही.

आमच्या लॅबमधल्या त्या काकांना नेटवर्किंगची भाषा ठाऊक नव्हती. पण एकच फाइल तीस वेळा बाहेरून आणायची नसते, हे त्यांना बरोबर कळले होते. त्यांच्या पेन ड्राइव्हपाठोपाठ अपडेट बंद झाले नसते, तर तो दिवस खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला असता.